काळी काच आणि किलोभर गोडा मसाला

माझ्या गाईडबाईंनी चॅप्टर टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "दगड तिथपर्यंत पोचला कसा, हे सांगता येत नसेल तर हे काढून टाक." काढून टाक! अलास्कात, फेअरबँक्सला येऊन मी ज्याच्यावर पीएचडी करत होते तेच काढायचं, म्हणजे मग उरलं काय? माझी डिग्री त्या एका चॅप्टरवर अडली होती.

दगड म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीतून निघालेली काळी काच. फोडली की वस्तऱ्यासारखी धार येते, म्हणून हजारो वर्षांपूर्वी लोक तिची पाती करत. प्रत्येक डोंगराच्या काचेतलं घटकांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, त्यामुळे एक्स-रे मारला की तुकडा कुठला ते कळतं. त्या कामात मला कोणी हरवायचं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आर्क्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सापडलेले तुकडे शेकडो मैल आतल्या एका डोंगरातले निघाले होते. एवढं बर्फ तुडवत ते नेले कोणी? माझं लाडकं उत्तर होतं, एखादा पट्टीचा व्यापारी. पुरावा शून्य.

त्याच आठवड्यात आईचा गोडा मसाला आला. आमच्याकडे अशी वस्तू पोस्टानं येत नाही, "कोणी जातंय का तिकडे?" असं विचारत विचारत येते. आईनं साताऱ्याहून तो अमेरिकेला परतणाऱ्या पार्सिपनीच्या काकूंबरोबर दिला. काकूंनी तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडे दिला, आणि तो नॉर्दर्न लाइट्स बघायला आमच्याकडे आला तेव्हा घेऊन आला. आईनं चांगला किलोभर पाठवला होता. माझ्या हातात पडली मूठभर पुडी.

"बाकीचा कुठंय?" मी विचारलं.

"मॉम केप्ट सम," तो खांदे उडवत म्हणाला. "अँड माय रूममेट्स लव्ह्ड इट, यार."

यार म्हणे! माझं डोकंच फिरलं. रूममेट्सनी घातला कशात, तर पास्त्यात! काकूंना फोन लावला तर त्या उलट मलाच म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईच्या हाताची चव! चार चमचे काढून घेतले तर काय बिघडलं?" मग आईकडे तक्रार केली. ती हसायलाच लागली. "म्हणून तर किलोभर दिला ना गं! वाटेतल्या माणसांचं नको का धरायला?"

मी फोन ठेवला आणि तडक लॅब गाठली.

जुन्या वस्त्यांमधले सगळे तुकडे टेबलावर ओळीनं मांडले. डोंगराजवळचे एका टोकाला, किनाऱ्यावरचे दुसऱ्या टोकाला, मधल्या वस्त्यांचे मध्ये. आतापर्यंत मी त्यांचा फक्त डोंगर शोधत बसले होते, आकाराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. डोंगराजवळ तळहाताएवढे गोळे होते. मध्ये बोटाएवढी पाती. आणि किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा धार लावून झिजलेल्या, नखाएवढ्या चिपा. व्यापारी थेट गेला असता तर तिथंही मोठे तुकडे सापडले असते. एवढं अंतर कुणी एक माणूस चाललाच नव्हता! शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दिलं, आणि प्रत्येकानं आपला वाटा ठेवून उरलेलं पुढे सरकवलं. मी बसले आणि चॅप्टर नव्यानं लिहून काढला.

गाईडबाईंनी तो वाचला, मग लॅबमधल्या टेबलाशी उभ्या राहून तुकड्यांची ती ओळ कितीतरी वेळ न्याहाळली.

"पटतंय," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या वस्तीनं तरी किनाऱ्याला का दिलं? सगळंच ठेवून घेता आलं असतं."

"किनाऱ्यावर त्यांची एखादी लेक दिलेली असणार," मी बेधडक सांगितलं. "शेवटच्या पानावर लिहिलंय तसं."

"पुरावा?"

"नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि तेवढ्या एका वाक्यावर रेघ मारली. "बाकीचं राहू दे. झालं तुझं काम."

एरवी मी स्वल्पविरामासाठीसुद्धा त्यांच्याशी भांडले असते. पण त्या लेकीवरून तेव्हा मला आईची इतकी आठवण आली की डोळे घळाघळा वाहायला लागले. बाईंनी टिश्यूचा बॉक्स पुढे केला आणि पाठीवर थोपटलं. चॅप्टर बचावला म्हणून रडतेय, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे.