होयबा

ऑफिसात त्याला सगळे होयबा म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं. एकदा टीमच्या टेस्टर मुलीने चुकून ग्रुपवरच तसं लिहिलं आणि तिने पुसायच्या आत त्याने ते वाचलं. त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

नाव पडायला कारण होती एक साधी सवय. समोरचा बोलत असला की हा मध्येमध्ये 'हो... हो...' म्हणत राहायचा. मामाशी फोनवर बोलताना गप्प राहिलं तर मामा विचारायचा, झोपलास का रे? म्हणून हो. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकतोय, पुढे बोल. पण परदेशातल्या क्लायंटशी बोलताना तोच हो 'येस' होऊन तोंडातून निघे, आणि क्लायंट त्याचा अर्थ 'कबूल' असा घेई.

काम दातांच्या दवाखान्यांचं होतं. पेशंटने डॉक्टरची वेळ घ्यायची आणि वेळेआधी त्याला आठवणीचा मेसेज जायचा, एवढंच सॉफ्टवेअर. आठवण आधी आदल्या दिवशी हवी होती, मग दोन दिवस अगोदर, मग पेशंट म्हणेल तेव्हा, मग पुन्हा आदल्या दिवशीच. दर वेळी क्लायंट गोड हसून म्हणे, फक्त एवढंच.

त्या शुक्रवारी त्याच्या बायकोची परीक्षा होती. ती हॉस्पिटलात नर्स. वॉर्डची इन-चार्ज व्हायचं तर ही परीक्षा द्यावी लागे. ती वर्षातून एकदाच होई, तीही दुसऱ्या शहरात. गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवशी मुलगी तापाने फणफणली आणि आठवणीच्या मेसेजात रंगीत चित्रं टाकायची घाई असल्याने हा ऑफिसातून हलू शकला नाही. यंदा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना उठवायला-बसवायला माणूस हवाच. म्हणून त्याने रजा कधीच मंजूर करून घेतली होती.

सोमवारच्या कॉलवर क्लायंट म्हणाला, पेशंटला स्वतःहून डॉक्टर बदलता यायला हवा, फक्त एक बटण द्या. होयबा ऐकत होता. येस, येस. दुपारी मेल आली: ठरल्याप्रमाणे बटण शुक्रवारी मिळावं.

"सर, हे काय शर्टाचं बटण आहे?" टेस्टर म्हणाली. डॉक्टर बदलला की त्याच्या दिवसभराच्या वेळा हलणार, मेसेज बदलणार, बिलं बदलणार. पण मॅनेजरबाईंनी मेलवर बोट ठेवलं. तूच कबूल केलंस, आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? रजा पुढच्या आठवड्यात घे.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको पुस्तकांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावत होती. तिने भावाला फोन करून पाहिला, त्याला जमणार नव्हतं. मग ती शांतपणे म्हणाली, "एरवी तू हो म्हणालास की मी लगेच दुसरी सोय बघायला लागते. या वेळी विसरले बघ."

आतून वडील म्हणाले, "मी पडून राहीन गं. दिवसभर पाणीच नाही प्यायलो की झालं."

बायकोने तांब्या भरून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर क्लायंट बोलत होता आणि होयबा गप्प होता. थोड्या वेळाने क्लायंटने विचारलं, आवाज येतोय ना?

"येतोय," तो म्हणाला. "काल मी येस म्हणालो, तेही फक्त ऐकू येतंय म्हणून. शुक्रवारी बटण होणार नाही. मी शुक्रवारी नाहीये."

मॅनेजरबाई खोकल्या. क्लायंट म्हणाला, बरं, मग राहू दे. दवाखान्यांना असं बटण हवंय का, ते अजून विचारलेलंच नाही.

टीमने कामाला सुरुवातही केली होती. टेस्टर हसायला लागली, याला हसू आलं नाही. त्याला ती रंगीत चित्रं आठवली. दोन महिन्यांत क्लायंटने ती काढून टाकायला लावली होती. तेव्हाही कुणी नाही म्हटलं असतं तर तो असाच 'बरं' म्हणाला असता. आज मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, की हे वर कळवावं लागेल. त्याने मान हलवली आणि पाणी प्यायला उठला.

शुक्रवारी दुपारी तो वडिलांच्या पलंगाशी खुर्चीत पेंगत होता. बायकोचा फोन आला. पहिला पेपर बरा गेला, औषधाच्या मात्रेचा एक प्रश्न मात्र अडला. ती तो समजावून सांगू लागली. त्यातलं त्याला काहीच कळत नव्हतं आणि डोळे मिटत होते. तेवढ्यात वडील कण्हले, त्यांना कूस बदलायची होती. त्याने फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला आणि वाकला.

"त्यांना ओढू नकोस," कण्हणं ऐकून फोनमधून ती म्हणाली. "आधी गुडघ्यांमध्ये उशी घाल. एक हात पाठीखाली घे. घेतलास? आता सावकाश."

त्याने वडिलांना सावकाश वळवलं.

"बाबा, दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही गं," वडील उशीकडे तोंड करून म्हणाले. "तू जा, तुझा दुसरा पेपर असेल."