बोंड्यासकट बोधगया

कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली त्या वर्षी भीमराज मेश्राम चौकीदारी सुटून घरी आला, तो एकटा आला नाही. ज्या फाटकावर बावीस वर्षं बसला, तिथलं पांढरं कुत्रंही मागोमाग बाभुळगावात आलं. बोंड्या त्याचं नाव. अंगणवाडीतून परतलेल्या कांताबाईला नवरा म्हणाला, "दोनच दिवस ठेवू." त्या दोन दिवसांना तीन वर्षं झाली.

कांताबाईला एकदा बोधगया बघायची होती. सासू न बघताच गेली होती. दोन हजार सहाच्या डिसेंबरात तिचा मुलगा संघदीप म्हणाला, "चाल आई, नेतो." कापसानं मार खाल्लेला, बाजाराला जाणारी माणसंच कमी झाली होती, त्यामुळं त्याची सुमो अर्धी रिकामीच धावायची. कांताबाईनं दर्शनासाठी नवी पांढरी साडी घेतली. गाडीत चढते तो मागच्या सीटवर बोंड्या.

"हे काहून?"

"माझ्या हातूनच खाते ते, कांता. मागं वरोऱ्याले गेलतो तं चार दिवस उपाशी राह्यलं."

"मी माहेरी जातो तवा तुम्ही किती दिवस उपाशी राह्यता?"

भीमराज हसला. तिला हसू आलं नाही.

पहिला मुक्काम जबलपूरच्या अलीकडं. धर्मशाळेवाल्यानं तिघांना खोली देऊ केली आणि चौथ्याकडं बघून मान हलवली. दुसऱ्या धर्मशाळेतही तेच. शेवटी संघदीपनं रस्त्याकडेच्या आंब्याखाली गाडी लावली आणि कापूस झाकायची ताडपत्री टपाला बांधली. तीन दगडांच्या चुलीवर भीमराजनं खिचडी रांधली. पहिला घास बोंड्याला.

"घरचा बिछाना सोडून मातीत लोळायले आलो आपण," थंडीनं दात वाजवत कांताबाई म्हणाली.

"हवा मोकळी हाय पण."

रीवाच्या पुढंही तीच गत. सकाळी ती तोंड धुऊन आली, तर पांढरी साडी पिशवीबाहेर चिखलात पडलेली आणि बोंड्या तिच्यावर ताणून निजलेला.

ती ओरडली नाही. चपला घातल्या आणि आलेल्या रस्त्यानं परत चालू लागली.

"आई, कुठं?" संघदीप धावला.

"घरी."

"पायी? सहाशे किलोमीटर हाय!"

"असू दे. त्या गाडीत मले जागा कुठं हाय?"

संघदीप तिच्या चालीनं गाडी हाकत राहिला. मागून साडी घेऊन भीमराज, त्याच्या मागून कुत्रं. मैलभरानं हापसी लागली तशी ती पाणी प्यायला थांबली. भीमराजनं साडी हापसीखाली धरली, घासघासून धुतली. डाग पुरते गेले नाहीत. तीच नेसून ती बोधगयेला उतरली.

विहाराच्या फाटकावर कुत्र्याला मज्जाव होता. "तुम्ही दोघं जाऊन या," भीमराज म्हणाला. कांताबाई आत गेली, पिंपळापाशी बसली, सासूच्या नावानं वंदना म्हटली. तासाभरानं बाहेर आली तर नवरा कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेला.

"जा आता तुम्ही."

"मी इथूनच हात जोडले. कळस दिसते ना. मी गेलो तं हे रडन."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. "बाराशे किलोमीटर मातीत निजत आलो अन् कळस दिसते म्हनता? आना तो दोर इकडं!"

दीड तास ती फाटकापाशी अडकून पडली. बोंड्या रडत होता, ओढत होता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत शिरत होता. एक म्हातारे भिक्खू त्याला कुरवाळून तिच्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, तिचाच लाडका. हे माझं नाही, हे तिला हिंदीत नीट सांगताही आलं नाही.

भीमराज बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तिनं दोर तेवढा त्याच्या हातात कोंबला. "धरा तुमचं लेकरू."

पुढच्या वर्षी कुशीनगरचा विषय निघाला. "कुत्रं येत असन तं मी येत नाही," कांताबाई म्हणाली. "ते नाही तं मीही नाही," भीमराज म्हणाला. दोघांनी शब्द पाळला. कांताबाई महिला मंडळाच्या बसनं गेली आणि नऊ दिवस छपराखाली, गादीवर झोपली. बाजूच्या बायका घोरायच्या. तिची काही तक्रार नव्हती.