अकरा फुटांत खेळता वारा

माझी मावशी सव्वीस वर्षं फ्रीज दुरुस्त करायची. गल्लीत लहानथोर सगळे तिला ‘फ्रीजताई’च म्हणायचे. गारवा कुठून निसटतोय, हे ती दाराच्या कडेवरून नुसता हात फिरवून सांगायची.

दोन उंच इमारतींच्या मधली, अवघी अकरा फूट रुंद जागा तिनं घरासाठी घेतली, तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. “अगं, हा प्लॉट आहे की बोळ? कूस बदलायला रस्त्यावर जावं लागेल!”

मावशी मात्र हरखली होती. “दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे ऊन फक्त पुढून, मागून आणि वरून. तीनच बाजू सांभाळायच्या! फ्रीजला सहा असतात.”

घराचं काम दिलेल्या तरुण आर्किटेक्ट मुलीनं नकाशात जिना पुढच्या दाराशी काढला होता. मावशीनं पेन्सिल घेऊन तो घराच्या मधोमध आणला. “याच्यावर उघडणारी खिडकी दे. गरम हवा वर निघून जाईल आणि मागच्या झरोक्यातून गार हवा आत येईल.”

“पण खोल्या लहान होतील, मावशी. आणि खरंच एवढा फरक पडेल?”

मावशी वाद घालत बसली नाही. फ्रीजच्या पुठ्ठ्यांची तिनं दोन घरं केली, एक मुलीच्या नकाशाचं, एक स्वतःच्या, आणि आत थर्मामीटर ठेवून दोन्ही गच्चीवर उन्हात मांडली. दुपारी मावशीचं घर चार अंशांनी गार! मुलीनं दोन्ही थर्मामीटर अदलाबदल करून पाहिले. तरी चारच. “माझा नकाशा गेला,” ती हसत म्हणाली आणि तिथेच नवा कागद उलगडला.

मग काम सुरू झालं. पोकळ विटा, छतावर उष्णता अडवणारा जाड थर, वर पांढरा रंग. सुताराला तर तिनं एक खिडकी तीनदा बसवायला लावली.

“ताई, फट दिसत नाही कुठे!”

“डोळ्यांना नाही दिसायची. हात लाव.”

त्यानं हात लावला, आणि पुन्हा पटाशी उचलली.

भर उन्हाळ्यात, घर तयार झालं त्या दुपारी, मावशीनं जिन्यात कागदाची पट्टी टांगली आणि वरची खिडकी उघडली. पट्टी जागची हलेना. मावशीचा चेहरा पडला. ती तडक मागे धावली. प्लास्टरवाल्यानं झरोक्यावर फळी तशीच ठेवली होती! तिनं ती ओढून काढली.

पट्टी सरळ वर उठली. जिन्यात उभ्या काकांचा सदरा फुगला.

“अगं, पंखा कमी कर!”

“पंखा बसवलाय कुठे अजून?”

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि दार उघडून ते रस्त्यावर ओरडले, “या हो, या! आमच्या जिन्यात उभं राहून बघा!”

पाच मिनिटांत पायरीपायरीवर माणसं. वरच्या पायरीवरची शेजारीण डोळे मिटून म्हणाली, “फ्रीजताई, उद्या मापाची टेप घेऊन आमच्याकडे याल?”

मावशीनं टेप खिशातून काढलीच. “उद्या कशाला? चला!”