मामींच्या अंगणासाठी मशीन

"एक सौ सत्तर बार," भैयाजी म्हणाले. "इससे कम क्या दोगे अपनी मामी को?"

भैयाजी म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. शहराच्या महानगर नावाच्या भागात, कपूरथला बाजाराच्या अलीकडे, पाण्याच्या मोटारी आणि सफाईची मशिनं विकायचं आणि दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. मी तिथं सर्व्हिसचं काम बघतो. सेल्सचं नुकतंच थोडं हातात आलं होतं. काउंटरवर दोन प्रेशर वॉशर ठेवले होते, पाण्याच्या जोरानं धुणारे. एक पिवळा, मोठा, चाकांवरचा. दुसरा जेमतेम बादलीएवढा. मी लहानाकडे बघत होतो आणि भैयाजी माझ्याकडे.

"भैयाजी, घर धोना है, ट्रक नहीं."

"तो कभी ट्रक आ गया तो? हम लोग मना थोड़े ही करेंगे."

ते पिवळं मशीन बरेच दिवस दुकानात पडून होतं. भैयाजींना ते खपवायचं होतं, आणि मला मामींच्या घरात एखादी चुकीची वस्तू नेऊन ठेवायची भीती वाटत होती. ती भीती कुठून आली ते सांगायला हवं.

मी सांगली जिल्ह्यातला, विट्याच्या पलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामांबरोबर इथं उत्तरेत, या शहराच्या चारबाग स्टेशनवर उतरलो. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. आमच्या भागातली माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवायचं आणि तेजाबानं शुद्ध करून द्यायचं. इथं चौकात, म्हणजे सराफ्याच्या जुन्या पेठेत, आम्हा सगळ्यांना 'मराठा' म्हणतात, आडनाव काही असो. मामांचा कारखाना तळमजल्यावर, राहतं घर वर, आणि मध्ये विटांचं छोटं अंगण. मला तेजाबाचा धूर सोसला नाही. खोकला जाईना. गावी परत पाठवतील या धास्तीनं मी उशीत तोंड घालून खोकायचो. मामींच्या ते लक्षात आलं. त्या मामांना एवढंच म्हणाल्या, "पोरगं माघारी धाडू नका. दुसरीकडं लावा कुठंतरी." मामांनी भैयाजींकडे शब्द टाकला. आज माझ्या हातात पाना आहे तो त्या एका वाक्यामुळे.

त्याच मामींचे आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली होती, आणि मामी अंगण आणि जिना रोज उकिडवं बसूनच घासायच्या. भट्टीची काजळी सगळीकडे बसते. एक दिवस सोडला तर दुसऱ्या दिवशी पावलं उमटतात. कामाला बाई ठेवायची सोय नव्हती. बाहेरच्या माणसाच्या हातात आपल्या घरचा झाडू द्यायचा नाही, हा गलाईवाल्यांच्या बहुतेक घरांत नियम असतो. अंगणाचा केरसुद्धा मामी एका पत्र्याच्या डब्यात भरून मामांच्या हवाली करायच्या. नियम मामांचा होता, गुडघे मामींचे.

शेवटी मामांनीच मला फोन केला. "संभ्या, तुझ्या मामीसाठी ते पाणी मारायचं मशीन बघ. स्वस्तात बघ. पण स्वस्तातलं नको."

घरासाठी मशीन घ्यायला येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, किती बार? बार म्हणजे पाण्याचा जोर. घरच्या कामाला शंभर-एकशेवीस बार पुष्कळ होतात. त्याच्या वर गेलं की काजळीबरोबर भिंतीचा रंगही निघतो. चौकातली घरं जुनी, विटांचे सांधे चुन्याचे. तिथं एकशेसत्तर बार मारले तर अंगण धुऊन होईल, पण अंगण राहील की नाही सांगता येत नाही.

दुसरा आकडा लिटरचा. मशीन मिनिटाला किती पाणी फेकतं तो. हा कुणी विचारत नाही. पिवळं मशीन आठ-नऊ लिटर फेकत होतं, लहान पाच-सहा. मामांच्या गच्चीवरची टाकी लहान, आणि तिच्यातून नळाला पाणी येतं ते उपकार केल्यासारखं. अशा घरी बादलीतून स्वतः पाणी ओढून घेणारं मशीन लागतं. नाहीतर पंप कोरडा चालतो आणि सील जळतं. सील म्हणजे पंपातला रबरी वायसर. स्वस्त मशीन मरतं ते बहुतेक तिथंच. म्हणून मी दोन गोष्टी आधी बघतो. पंपाचं तोंड पितळेचं आहे का, आणि सील बाजारात सुटं मिळतं का. वर डब्यावर काय लिहिलंय ते नंतर.

मामींसाठी आणखी एक गोष्ट बघितली. वाकून उचलावं लागू नये, म्हणून वर दांडा असलेलं मशीन घेतलं. ट्रिगर सोडला की मोटार आपोआप थांबणारं. त्यांना बटणाशी सारखं वाकायला नको.

सगळ्यात बसत होतं ते लहानच. किंमतही मामांच्या बेतात.

भैयाजींनी बिल फाडलं, पण हात माझ्याकडे यायच्या आधी थांबला. "मराठे, तुम्हारी पहली सेल है. मशीन वापस आई तो मैं रख लूँगा, घर की बात है. मगर फिर तुम सेल्स-वेल्स भूल जाना. पाना पकड़ना."

ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

ई-रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसलो. वाटेत दोनदा उघडून बघितला. नोझल आहे, गन आहे, बिल आहे. चौकाच्या तोंडाशी उतरलो आणि पुढच्या गल्ल्यांतून डबा डोक्यावर घेऊन गेलो.

कारखान्याला सुट्टी होती. मामा वर गल्लीकडच्या खिडकीत दाढी करत बसले होते. मामींनी अंगणातल्या वस्तू आधीच जिन्यावर रचून ठेवल्या होत्या. जुन्या घरात वायरिंगचा भरवसा नसतो, म्हणून मी अर्थिंग तपासलं, मग पुन्हा तपासलं. जाड वायर आणली होती ती लावली. रुंद फवाऱ्याचं नोझल बसवलं, म्हणजे पाणी सुईसारखं न लागता पंख्यासारखं पसरतं. बादली भरली आणि ट्रिगर दाबला.

पहिल्या हातातच विटांवर एक लाल पट्टा उमटला.

"अगं बाई," मामी म्हणाल्या. "हे अंगण लाल आहे व्हय?"

"मामी, तुम्ही एवढी वर्षं रोज घासताय की."

"घासत होते बाबा. रंग काय दिसला नव्हता." त्यांनी पदर खोचला. "आण इकडं. बघू मला जमतंय का."

गन त्यांच्या हातात दिली. आधी जरा दचकल्या, मग पट्ट्याला पट्टा जोडत निघाल्या. सांध्यासांध्यातून काळं पाणी उसळून वर येत होतं आणि कोपऱ्यातल्या मोरीतून बाहेर गल्लीच्या नालीत जात होतं. अर्धं अंगण झालं असेल. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "संभा, मी उभी आहे रे. उभ्यानं धुतेय!" मी तेवढ्यात मनातल्या मनात भैयाजींना फोन लावून टाकला होता.

आणि वरून मामांचा आवाज आला.

"बंद कर! आरं बंद कर ते आधी!"

मला वाटलं, शॉक बसला. मी धावत जाऊन प्लगच उपटला. मामा अर्ध्या दाढीचा फेस घेऊन जिना उतरले, आमच्याकडे बघितलंही नाही, आणि दार उघडून थेट गल्लीत गेले. मी मागोमाग.

नालीच्या कडेला नन्हे चचा बसले होते. चचा न्यारिया आहेत. सराफ्याच्या गल्ल्यांमधला केर आणि नालीतला गाळ गोळा करून, धुऊन, त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारी ही माणसं. चचा एरवी भल्या सकाळी येऊन जातात. आज मात्र घमेलं घेऊन आमच्या मोरीच्या तोंडाशी मांडी घालून बसले होते, लग्नाच्या पंगतीला बसावं तसे. घमेलं काळ्या गाळानं भरत आलं होतं.

"चचा, यह क्या?" मामा म्हणाले.

चचांनी वर बघून सलाम केला. "मराठा सेठ, आप तकल्लुफ़ मत कीजिए. मशीन चलने दीजिए. अच्छी-भली बरकत आ रही थी."

मामा का ओरडले ते आत्ता कळलं.

गलाईच्या कारखान्यातून काही बाहेर जात नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात, कामाचे जुने कपडे जाळून त्यांची राख ठेवतात, कारण धातूचे बारीक कण सगळ्याला चिकटतात. हे मला माहीत होतं, मी तिथंच काम केलं होतं. पण माझ्या डोक्यात कारखाना उंबऱ्यापाशी संपत होता. अंगण म्हणजे घर, आणि केराचा डबा ही नुसती रीत. कारागिरांचे पाय मात्र उंबरा मानत नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या तळव्यांबरोबर जे आलं ते विटांच्या सांध्यांत जाऊन बसलं होतं. मामींचा ब्रश वरवरची काजळी काढायचा, सांध्यांपर्यंत पोचायचा नाही. म्हणून त्यांच्या बादलीभर पाण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रेशर वॉशरचं कामच मुळी सांध्यातलं काढायचं. ते त्यानं चोख केलं होतं.

मामांनी चचांना अडवलं नाही. नालीत गेलं ते न्यारियाचं, हा चौकातला जुना कायदा आहे. ते आत आले आणि मला म्हणाले, "घेऊन जा ते मशीन."

"मामा, मी..."

"तुझी चूक नाही रं. माझ्याबी ध्यानात आलं नाही. पण हे घरात नको. आपलं ब्रशाचंच बरं."

मी वायर गुंडाळायला लागलो. भैयाजी, सेल, पाना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मागं काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. मामींनी कोपऱ्यातला ब्रश घेतला होता, आणि भिंतीला एक हात लावून त्या खाली बसू लागल्या होत्या. अंगण अर्धं लाल होतं, अर्धं काळं, आणि त्या बरोबर मधल्या रेषेवर बसत होत्या. गुडघा वाकेना. अर्ध्यात थांबल्या, ओठ दाबला, पुन्हा वाकल्या.

मामा बघत होते. गालावरचा फेस वाळला होता.

"अगं ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले.

"अर्धंच कसं ठेवू?" मामी तशाच वाकलेल्या म्हणाल्या. मग थांबून त्यांनी मामांकडे मान वळवली. "अवो, एक विचारू? सोनं मोरीतनं जातंय न्हवं?"

"मग?"

"मग मोरीला बोळा घाला की. मशीन कशाला बंद करता?"

बाहेरून चचांचं घमेलं खरवडल्याचा आवाज येत होता.

मामांनी स्वतः जुनं पोतं आणलं आणि मोरीत दाबून बसवलं. कारखान्यातलं एक रिकामं पिंप कोपऱ्यात आलं. मी प्लग लावला. मामी उभ्यानं धूत होत्या, मामा खराट्यानं पाणी कोपऱ्यात लोटत होते, आणि मी मगानं पिंपात भरत होतो. जड कण तळाशी बसतात, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी हळूच ओतून द्यायचं, खालचा गाळ वाळवून भट्टीला. मामांचं हे रोजचंच काम होतं, फक्त अंगणासाठी कधी केलं नव्हतं. मशीन कमी पाणी फेकणारं असल्यामुळे उरलेलं अर्धं अंगण त्या एका पिंपात मावलं. पिवळं मशीन असतं तर आम्ही तिघं गुडघाभर पाण्यात उभे राहिलो असतो.

"बरोबर मशीन आणलंस रं," मामा म्हणाले. मी मान हलवली. ते मी पिंपाचा विचार करून आणलं नव्हतं, टाकी लहान म्हणून आणलं होतं. पण त्या वेळी कबूल करायची माझ्यात हिंमत नव्हती.

चचा निघाले तेव्हा मामांनी त्यांना चहा दिला. चचा म्हणाले, "सेठ, मोरी बंद कर दी? दिल तो इतना छोटा न था आपका." मामा हसले. घमेल्याकडे मात्र त्यांनी बघणं टाळलं.

पुढच्या आठवड्यात मामांचा दुकानात फोन आला. मला वाटलं, सील गेलं असणार.

"संभ्या, जिन्याच्या कोपऱ्यात पाणी पोचंना. दुसरं नोझल असतंय का?"

संध्याकाळी नोझल घेऊन गेलो. जिन्यावर मामा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात गन. खालच्या पायरीशी पिंप. वर खुर्चीत मामी चहा पीत बसल्या होत्या. "तिसऱ्या पायरीला राहिलंय," त्या म्हणाल्या. मामा मुकाट्यानं तिसऱ्या पायरीकडे वळले.

"मामी, तुम्ही नाही धूत?"

"मला हात लावू देत न्हाईत. म्हणतात, तुला पाणी नीट धरता येत नाही." त्यांनी बशीत चहा ओतला. "संसार झाला एवढा, यांनी कधी झाडू धरला नव्हता."

पहिल्या दिवशीच्या गाळातून काय निघालं ते मामांनी सांगितलं नाही. गलाईवाल्याला ते विचारायचं नसतं. त्यांनी दुसरं पिंप आणलं, एवढं मला दिसलं.

भैयाजींनी पुढच्या गिऱ्हाइकाला काउंटरवर माझ्यासमोर उभं केलं. गोमतीनगरचे एक साहेब होते, नवीन बंगल्यासाठी मशीन हवं होतं. त्यांनी विचारलं, "कितने बार का लूँ?"

मी विचारलं, "साहब, पानी कहाँ जाता है?"

ते जरा चक्रावले. म्हणाले, "नाली में. और कहाँ जाएगा?"

मग मी त्यांना बार सांगितले. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच आधी विचारतो. बहुतेकांचं पाणी नालीतच जातं.