बोटीच्या नाकात बसवलेला पंप

माझ्या धाकट्या मेहुण्याची प्रवासी बोट अमरावती जिल्ह्यातील एका धरणाच्या पाण्यात चालते. मी अकोल्यास कचेरीच्या आवारात अर्ज लिहितो. शिक्षण सातवीपर्यंत, परंतु माझा मसुदा वकीलसुद्धा सहसा बदलत नाहीत. त्यामुळे बोटीचा परवाना धोक्यात येताच मेहुणा प्रथम माझ्याकडे आला, हे यथायोग्यच झाले.

सदर बोट लांब, उथळ व वर छत असलेली. पश्चिमेचा वारा छताखाली भरला की धक्क्याला लागता लागता तिचे नाक, म्हणजे पुढचे टोक, पाण्याकडे फिरे. एकदा अशीच फिरून ती शेजारच्या बोटीवर आदळली आणि एक प्रवासी बाई पडली. परवाना देणाऱ्या साहेबांनी बजावले, बोट सुरक्षित लावून दाखवा, अन्यथा परवाना रद्द. मेहुण्याच्या घरात दुसरी मिळकत नाही.

मुदतवाढीचा अर्ज मी लिहिला व तो मंजूर झाला. मग बाळापूरहून विहिरीवर पंप बसवणारा मिस्त्री आणला. त्याने नाकापाशी पंप बसवला. तो तळातून पाणी ओढी व डाव्या अंगाने जोरात फेकी, की नाक उजवीकडे, धक्क्याकडे सरके. चढण्या-उतरण्याचे दारही उजवीकडेच. भादव्यातल्या चाचणीत बोट अलगद लागली. मेहुणा गमछ्यात तोंड खुपसून रडला.

तपासणी दसऱ्यानंतर झाली. तोवर वारा पूर्वेचा झाला होता. आम्ही सारी कास्तकारांची पोरे. दसऱ्यानंतर वारा फिरतो हे आम्हांस कोणी शिकवायला नको होते. तरी ते कोणाच्याच ध्यानी आले नाही. आता वारा बोटीला धक्क्यावरच ढकलत होता, आणि धक्क्यावर साहेब उभे होते.

“पंप चालू कर,” बोटीत मेहुण्याशेजारी उभा राहून मी म्हणालो.

“भाऊजी, काहून जीव खाता? पंप बी तिकडंच ढकलते.”

“मग उलटा फिरव.”

“विहिरीवरचा पंप उलटा चालते काय कधी?”

त्याने बोट पुन्हा खोल पाण्यात नेली. साहेबांनी घड्याळ पाहिले.

“लिहा ना एखादा अर्ज,” मेहुणा म्हणाला, “वाऱ्याले.”

मग त्याने अख्खी बोटच फिरवली आणि डावे अंग धक्क्याकडे केले. आता पंपाचे पाणी धक्क्याकडे जाऊ लागले, त्याच्या रेट्याने नाक वाऱ्याविरुद्ध आवरले गेले, आणि बोट हळूच टेकली.

“ठीक,” साहेब म्हणाले. “दार उघडा.”

दार पलीकडे, पाण्याच्या बाजूला होते. आमच्यापुढे अखंड लोखंडी कठडा.

“परवाना माणसं उतरवायचा आहे,” असे म्हणून साहेब वळले.

मेहुण्याने बाकाखालून आरी काढली व कठडा कापू लागला. तो आवाज ऐकून साहेब थांबले.

“हे काय चाललंय?”

“दार करून राहिलो, साहेब.”

विनंतीचे जेवढे शब्द मला येतात, त्यांतला एकही तोंडातून निघेना. कठडा हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो.