सिदाला घेऊन साताऱ्याहून माळावर

"उतरवा त्याला! आदी त्यो खाली, मग मोटार पुढं!"

साताऱ्याच्या मोटारतळावर एक फेटेवाले पाटील असे गरजले, की अजिंक्यताऱ्यावरच्या घारी उडाल्या त्या थेट कोरेगावात जाऊन बसल्या असतील. कारण माझ्या शेजारचा सिदा. अंगावर कैद्याचे कपडे, हातांत मात्र बेड्या नाहीत.

तुरुंगात बाराखडी शिकवता शिकवता मी इतका जुना झालोय, की खुनी सुटून जातात आणि मास्तर आतच राहतो. औंध संस्थानात कैद्यांची बिनभिंतींची वसाहत निघाली आहे. शेती करायची, पळायचं नाही. आमच्याकडून तिथे जाणारा सिदा पहिलाच. बेड्या नकोत, शिपाई नको, म्हणून मी जेलरसाहेबांचं डोकं खाल्लं होतं.

"मोकळ्या हातांनी संध्याकाळच्या हजेरीला पोचला, तर तुमचे बाकीचे विद्यार्थीही पाठवू," साहेब म्हणाले होते. "नाहीतर मास्तर, पुन्हा विषय काढू नका."

मी उभा राहून सुधारणेवर भाषण ठोकलं. फार प्रभावी झालं. ते ऐकून दोन बायका खाली उतरल्या आणि ड्रायव्हर बिडी ओढायला गेला.

तेव्हा सिदा मागच्या धनगराला म्हणाला, "आज्जा, जनावर बांधायचं दावं हाय का?"

"हाय की रं."

"मग बांधा मला."

गाठ बसली आणि पाटील स्वतः त्याच्या शेजारी येऊन बसले!

लढाईच्या दिवसांतली ती कोळशावरची मोटार म्हणजे चाकं लावलेली चूलच. चढ आला की सगळे उतरून ढकलणार. सिदा खांदा लावायचा. विट्याला भाकरी सुटली. हात बांधलेले, म्हणून पाटलांनीच त्याला घास भरवला.

"खा रं गड्या. ठेचा तिखट हाय, जपून."

पुढे झाडं संपली, नुसता तापलेला माळ. मी दमून गेलो होतो, तरी गाठीला हात घातला. सिदाने मनगटं मागे घेतली.

"आवं मास्तर, ऱ्हाऊ द्या. आत्ता कुठं समदी बोलाय लागल्यात."

हजेरीच्या आधी मोटार वसाहतीपाशी थांबली. अधिकारी वाटेतच उभे होते. दावं पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, हा मोकळा येणार होता ना?"

मी तोंड उघडायच्या आत सिदा म्हणाला, "मोकळ्याला गाडीत घेत न्हवती."