आरसी म्हणजे पक्के कागद

निवृत्त होईपर्यंत सुनंदाताई प्रत्येक नव्या आवृत्तीचे नाव आधी मोठ्याने वाचत आणि विचारत, "हे माह्या मायले समजन का?" त्यांची माय उमरेडची, हातमागावर आयुष्य गेलेली. नागपूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ताई तपासणीचे काम करीत. मी माहितीपुस्तिका लिहीत असे. अल्फा, बीटा, आरसी ही अपुऱ्या आवृत्त्यांची नावे त्यांना मान्य नव्हती. बीटाला त्या 'बेटा' म्हणत आणि तो अजून रांगतोच आहे का, असे साहेबांना गंभीरपणे विचारत. साहेब म्हणत, जगात हीच नावे चालतात.

मौद्याच्या एका मंगल कार्यालयाला आम्ही तारखा नोंदवण्याचा प्रोग्राम चाचणीसाठी पाठवला. नाव होते आरसी, म्हणजे शेवटच्या तपासणीला बसलेली आवृत्ती. तिथले व्यवस्थापक गणेशभाऊ यांनी त्याच दिवसापासून खऱ्या तारखा द्यायला सुरुवात केली. एक तारीख दोन वधूपित्यांना गेली. ताईंनी फोन केला तेव्हा भाऊ शांत होते.

"आरसी आली म्हणजे कागद पक्के झाले ना मॅडम? गाडीची आरसी आल्यावर गाडी कोणी उभी ठेवते का?"

ताई मौद्याला गेल्या. दोघा वधूपित्यांना समोरासमोर बसवून, चूक कंपनीची आहे, हे त्यांनी आधी सांगितले. त्यांतले एक बौद्ध गृहस्थ होते. आपले मुहूर्तावर काही अडत नाही, असे म्हणून त्यांनी सकाळ घेतली. दुसऱ्यांना संध्याकाळ मिळाली.

परतल्यावर ताईंनी साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर चार नावे होती: 'हात लावू नका', 'फक्त पाहा', 'खोट्या नावांनी वापरा', 'आता खरे वापरा'. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. एका जरी ग्राहकाने नावाचा अर्थ विचारला, तर पुन्हा आरसी.

मौद्याला 'खोट्या नावांनी वापरा' गेली. मुदत संपायला दोन दिवस असताना फोन वाजला. साहेब समोरच होते, म्हणून ताईंनी तो स्पीकरवर घेतला. गणेशभाऊंची बायको बोलत होती. नवऱ्याने प्रोग्राममध्ये मे महिन्यात वर्षा नावाच्या बाईशी स्वतःचे लग्न नोंदवले होते. ही वर्षा कोण, एवढेच तिला हवे होते.

"वहिनी, पहिले स्क्रीनवर सगळ्यात वर काय लिहून आहे ते वाचा," ताई म्हणाल्या.

तिने वाचले. मग सावकाश पुन्हा वाचले. अर्थ विचारला नाही.

"खोटंच लग्न होतं," ती म्हणाली, "त माहं नाव काहून नाही टाकलं?"

साहेबांनी चार नावांचा कागद ओढून घेतला आणि सही केली.